केसपेपर कुणासाठी लिहायचा?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



केसपेपरवर असते तशी एक ओळ वाचून दाखवतो. 'पंचावन्न, एम, केसीओ डीएम इंटू दहा, एचटीएन ऑन आरएक्स, सीओ सीपी, एसओबी, स्वेटिंग प्लस.' सभागृहात जे डॉक्टर आणि ज्या सिस्टर बसल्या आहेत, त्यांच्यापुढे एवढ्यात एक माणूस उभा राहिला असेल. वय पंचावन्न, पुरुष, मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय. 'ईसीजी काढा' हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेही असतील. बाकीच्यांना नुसती अक्षरं ऐकू आली. पण एक गोष्ट डॉक्टरांनाही कळलेली नाही. मधुमेह 'इंटू दहा' म्हणजे किती? दहा दिवस, दहा महिने की दहा वर्षं? लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्याने लिहिलं नाही.

आजचा विषय हाच आहे. वैद्यकीय नोंदींतले संक्षेप आणि त्यांच्यामागची परिभाषा कशी शिकायची आणि कशी शिकवायची. स्मृतिव्याख्यानाला हा विषय कोरडा वाटेल. पण ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो, त्यांचं सगळं आयुष्य केसपेपर लिहिण्यात आणि इतरांनी लिहिलेले वाचण्यात गेलं, तसंच माझंही गेलं. मी मेडिसिन विभागात शिकवलं. तेवढ्या अनुभवावर माझं म्हणणं मांडतो. संक्षेप पाठ करणं हा या शिक्षणाचा सोपा भाग आहे. आपण लिहिलेलं पुढे कोण वाचणार हे ओळखणं आणि त्यानुसार संक्षेप टाळणं हा अवघड भाग. सोपा भाग वॉर्डात राहून आपोआप अंगवळणी पडतो. अवघड भाग कुणी मुद्दाम शिकवत नाही.

आधी संक्षेपांची बाजू मांडतो, कारण बाहेरच्या माणसाला संक्षेप म्हणजे आळस वाटतो. सरकारी रुग्णालयातला रेसिडेंट अ‍ॅडमिशनच्या दिवशी एकामागून एक पेशंट घेत असतो. प्रत्येकाची हकिगत, तपासणी, ऑर्डर, रक्ताचे फॉर्म, एक्स-रेचा फॉर्म, सगळं त्यालाच लिहायचं असतं. त्याने 'श्वासाचे आवाज दोन्ही बाजूंना सारखे ऐकू येतात' असं लिहीत बसायचं ठरवलं, तर तेराव्या पेशंटकडे पोचेपर्यंत सकाळ होईल. तो 'एईबीई' लिहितो आणि पुढे जातो. ही चार अक्षरं त्याला पेशंटपाशी चार मिनिटं जास्त देत असतील, तर मी त्यांच्या बाजूने आहे.

यातले पुष्कळसे संक्षेप त्याच्या आजच्या घाईतून आलेले नाहीत. युरोपात वैद्यकाची भाषा शतकानुशतकं लॅटिन होती आणि औषधाची चिठ्ठी त्याच भाषेत लिहिली जाई. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, आणि अशा कॉलेजांतून ब्रिटिश वैद्यकाबरोबर तिथल्या चिठ्ठीची रीतही आपल्याकडे आली. लॅटिन गेली, अक्षरं राहिली. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. 'एसओएस' पाहून पेशंटचे नातेवाईक घाबरतात. जहाज बुडताना पाठवायचा संदेश त्यांना आठवतो. चिठ्ठीत त्याचा अर्थ एवढाच असतो की गरज पडली तर घ्या.

आता शिकण्याकडे वळू. विद्यार्थ्यासमोर जे येतं त्याचे तीन ढीग करता येतात. तिन्हींची शिकण्याची रीत वेगळी आहे, आणि सगळा गोंधळ तिन्ही एकाच पद्धतीने घोकल्यामुळे होतो.

पहिला ढीग लांबलचक शब्दांचा. विद्यार्थी यांनाच सर्वांत जास्त घाबरतात, पण हा ढीग सर्वांत सोपा आहे, कारण हे शब्द तुकड्यांचे बनलेले असतात. शेवटी 'आयटिस' आलं की त्या अवयवाचा दाह. 'एमिया' आलं की रक्ताशी संबंध, 'युरिया' आलं की लघवीशी. 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणं, 'ऑटमी' म्हणजे नुसता छेद घेणं, 'ऑस्टमी' म्हणजे तोंड तयार करणं. मोठ्या आतड्याची कोलेक्टमी झाली म्हणजे आतड्याचा भाग काढला. कोलोस्टमी झाली म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणलं, आणि तो माणूस पोटाला पिशवी लावून घरी जाणार. दोन शब्दांत दोनच अक्षरांचा फरक दिसतो, घरच्यांच्या रोजच्या आयुष्यात केवढा तरी पडतो. असे शे-दीडशे तुकडे कळले की कधी न पाहिलेला शब्दही उलगडता येतो. सापळे अर्थात आहेत. 'हायपो' आणि 'हायपर' हे फोनवर जवळजवळ सारखे ऐकू येतात. एकात रक्तातली साखर उतरलेली असते, दुसऱ्यात चढलेली. एकाला ग्लुकोज हवं, दुसऱ्याला इन्सुलिन. म्हणून फोनवर शब्दाबरोबर आकडा सांगायची सवय लावावी. 'शुगर ४२' म्हटल्यावर गैरसमजाला जागा उरत नाही.

दुसरा ढीग आद्याक्षरांचा. त्यांना व्याकरण नाही, त्यामुळे ती उलगडत नाहीत. त्यांना फक्त ठिकाण असतं. नाक-कान-घशाच्या ओपीडीत 'डीएनएस' लिहिलं तर नाकाचा पडदा वाकडा आहे. मेडिसिनच्या वॉर्डात तेच लिहिलं तर मिठाच्या पाण्यात डेक्स्ट्रोज घातलेली सलाईनची बाटली लावायची आहे. अस्थिरोगवाल्यांच्या चिठ्ठीत 'पीआयडी' म्हणजे मणक्यातली चकती सरकलेली. स्त्रीरोग विभागात तीच तीन अक्षरं ओटीपोटातल्या अवयवांच्या जंतुसंसर्गासाठी येतात. 'बीटी' रक्त चढवण्यासाठी लिहितात आणि रक्तस्राव थांबायला लागणाऱ्या वेळेसाठीही. 'आरए' म्हणजे सांध्यांचा आमवात, हृदयाचा उजवा वरचा कप्पा, आणि ऑक्सिजन न लावता साध्या हवेवर मोजलेली पातळी, असे तीन अर्थ एकाच आयसीयूत एकाच दिवशी वापरले जातात.

यातून एक गोष्ट लक्षात येते. आपापल्या विभागात कुणाचाच गोंधळ होत नाही. संक्षेप ही त्या विभागाची बोली असते आणि बोलणारे सगळे तिथलेच असतात. पेशंट एका विभागातून दुसऱ्यात जातो तेव्हा घोळ होतो. सकाळची ड्युटी संपून रात्रीची सुरू होते तेव्हा होतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला रेफर केल्यावर होतो, आणि सर्वांत जास्त पेशंट घरी गेल्यावर. म्हणून संक्षेपांची यादी पाठ करून घेताना प्रत्येक संक्षेपासमोर तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हेही लिहून घेतलं पाहिजे. ठिकाण न सांगणारी यादी अर्धवटच आहे.

तिसरा ढीग आकडे आणि खुणांचा. तो सर्वांत लहान आणि सर्वांत घातक. 'युनिट' हा शब्द तोडून इंग्रजी 'यू' हे एकच अक्षर लिहायची पद्धत होती आणि अजून आहे. हाताने घाईत लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसतो. चार युनिट इन्सुलिनचे चाळीस होतात. दशांश चिन्हामागे शून्य लिहिलं, म्हणजे एक मिलिग्रॅमसाठी '१.०' असं लिहिलं, आणि टिंब पुसट झालं, तर ते दहा वाचलं जातं. उलट अर्ध्या मिलिग्रॅमसाठी पुढे शून्य न देता नुसतं '.५' लिहिलं, तर पाच. मायक्रोग्रॅमसाठीचं ग्रीक अक्षर घाईत इंग्रजी 'एम'सारखं दिसलं, तर मात्रा हजारपट होते. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली 'हे लिहूच नका' अशी अधिकृत यादी काढली. तिच्यात एकट्या 'यू'ला, पुढच्या-मागच्या शून्यांच्या चुकांना आणि मॉर्फिन सल्फेट व मॅग्नेशियम सल्फेट यांच्या आखूड रूपांना बंदी आहे. याआधी, १९९९ साली, तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा 'टू अर इज ह्यूमन' हा अहवाल आला होता. टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेतल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावत असावीत, असा त्याचा अंदाज होता. त्या अहवालाने हादरलेल्या व्यवस्थेने जे छोटे, स्वस्त उपाय शोधले, त्यांतला एक ही यादी होती.

ती यादी जशीच्या तशी उचलूनही आपलं भागत नाही. इन्सुलिनच्या बाबतीत आपली अडचण वेगळी आहे. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली मिळते आणि १०० युनिट असलेलीही. पहिलीची सिरिंज लाल टोपणाची, दुसरीची नारिंगी. शंभराच्या बाटलीतलं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर शरीरात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. म्हणून आपल्याकडे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहूनही काम संपत नाही. बाटली कोणती आणि सिरिंज कोणत्या टोपणाची, हेही चिठ्ठीवर यायला हवं. तीच गोष्ट 'ओडी'ची. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ दिवसातून एकदा. नेत्रवैद्यकाच्या जुन्या लॅटिन रीतीत त्याचा अर्थ उजवा डोळा. डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर नुसतं 'ओडी' असेल, तर पेशंटने काय समजायचं? संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, आणि ते रोज घेतल्याने जीव जाऊ शकतो. तिथे हाताच्या सवयीने 'ओडी' लिहिलं गेलं तर? या औषधापुढे वार लिहावा. 'दर रविवारी एकदा' एवढं मराठीत लिहायला कुणाची हरकत नाही.

आता सुरुवातीच्या 'इंटू दहा'कडे येतो. काळ मोजायची एक जुनी ब्रिटिश रीत आपल्या वॉर्डांत अजून चालते. पाच दिवसांसाठी '५/७' लिहितात, पाच आठवड्यांसाठी '५/५२', पाच महिन्यांसाठी '५/१२'. शोधणाऱ्याने ती हुशारीने शोधली होती. आठवड्याचे दिवस सात, वर्षाचे आठवडे बावन्न, वर्षाचे महिने बारा. पण '५/७' ही तारीख म्हणूनही वाचता येते. 'ताप ५/७' म्हणजे ताप पाच दिवस आहे की पाच जुलैपासून? वॉर्डात हा प्रश्न विचारून सुटतो. विम्याच्या कार्यालयात तो तसा सुटत नाही. मधुमेह पॉलिसी घेण्याआधीचा की नंतरचा, यावर दावा मिळायचा की नाही हे ठरू शकतं. तिथे बसलेल्या माणसाकडे पेशंट नसतो, फक्त कागद असतो. ज्या डॉक्टरने 'इंटू दहा' लिहिलं, त्याला कल्पनाही नसते की त्या खुणेने एका कुटुंबाचं रुग्णालयाचं बिल अडकलं.

इथे वाचणाऱ्यांची मोजदाद करून पाहा. विद्यार्थ्याला वाटतं, मी हे सरांसाठी लिहितोय, सकाळच्या राउंडला ते पाहतील. प्रत्यक्षात तो कागद रात्रपाळीची सिस्टर वाचते, फार्मासिस्ट वाचतो, विम्याचे दावे तपासणारा मध्यस्थ, म्हणजे टीपीए, वाचतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावरचे आरोग्यमित्र कागदपत्रं पुढे पाठवताना त्यातलं निदान शोधतात. तक्रार झाली तर वकील वाचतो. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हा व्ही. पी. शांता प्रकरणातला निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, तेव्हापासून केसपेपर ग्राहक तक्रारींतला पुरावाही झाला आहे. पुण्या-मुंबईत अनेक तरुण-तरुणी अमेरिकन रुग्णालयांच्या नोंदी वाचून त्यांना रोगांचे सांकेतिक क्रमांक देण्याचं काम करतात. त्यांच्या धंद्यातला पहिला नियम असा की कागदावर नसेल ते गृहीत धरायचं नाही, शंका आली तर डॉक्टरला लेखी विचारायचं. आपल्या वॉर्डात शिकणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यासारखं एक आठवडाभर दुसऱ्याचे केसपेपर वाचून पाहावेत. लिहायला शिकण्याचा त्याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

नोंदीची बांधणीही याच दृष्टीने शिकवायला हवी. १९६८ साली लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक लेख लिहिला आणि पेशंटच्या समस्यांनुसार नोंद लावायची पद्धत मांडली. आज 'सोप' या नावाने चालते ती पद्धत त्यातलीच. पेशंट काय सांगतो, आपल्याला काय आढळलं, आपल्याला काय वाटतं, आता काय करायचं, या क्रमाने लिहायचं. यातली पहिली पायरी आपण सर्वांत वाईट करतो. पेशंट म्हणतो, 'चक्कर येते.' आपण 'गिडीनेस' लिहून मोकळे होतो. खोली गरगर फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला होतं, की चालताना तोल जातो? पहिलं असेल तर बहुधा कानाकडे पाहायचं, दुसरं असेल तर हृदयाकडे, तिसरं असेल तर मेंदूकडे. पेशंटचं म्हणणं त्याच्या मराठीत अवतरणचिन्हांत लिहून ठेवलं, तर दुसरा डॉक्टर पुन्हा विचार करू शकतो. आपण लगेच इंग्रजी शब्द चढवला की मूळ साक्षच पुसली जाते.

आणि 'आपल्याला काय आढळलं' या पायरीवर 'एनएडी' येतं. काही वावगं आढळलं नाही, हा त्याचा अर्थ. त्याचा दुसरा अर्थ विद्यार्थी हसत हसत सांगतात: तपासलंच नाही. हा विनोद प्रत्येक पिढीत नव्याने होतो, कारण तो पुष्कळदा खरा असतो. चौथ्या पायरीवर 'सीएसटी', म्हणजे तेच उपचार चालू ठेवा. माझ्या मते आपल्या वॉर्डातला हा सर्वांत वाईट संक्षेप आहे. 'तेच' म्हणजे कोणते, हे शोधायला रात्रीच्या सिस्टरला चार पानं मागे जावं लागतं. त्या चार पानांत एखादं औषध मध्येच बंद झालेलं असतं, एखाद्याची मात्रा बदललेली असते. संगणकावर नोंदी ठेवू लागल्यावर हाच रोग कॉपी-पेस्टच्या रूपाने आला. कालची नोंद आजच्या तारखेने पुन्हा चिकटते, आणि काल उतरलेला ताप आजही चढलेला दिसतो. आता तर बोललेलं ऐकून नोंद लिहून देणाऱ्या यंत्रणाही आल्या आहेत. त्या 'डीएनएस' ऐकून पूर्ण रूप स्वतःच लिहितील, पण नाकाचं की सलाईनचं हे अंदाजाने ठरवतील. तो अंदाज तपासून सही करणारा डॉक्टरच राहील.

काही संक्षेप घाईतून येत नाहीत, लपवण्यासाठी येतात. यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. आपल्या रुग्णालयांत त्याचं नाव रोगालाच चिकटलं. टीबी म्हणायचं टाळून डॉक्टर 'कॉख्स' लिहितात. कॅन्सरला 'माइटोटिक' म्हणतात. वास्तविक मायटोसिस म्हणजे पेशींचं साधं, निरोगी विभाजन. एचआयव्हीसाठी 'रेट्रो' किंवा 'आरव्हीडी' लिहितात. हेतू दुष्ट नसतो. पलंगाभोवती सासरची माणसं उभी असतात, टीबीच्या नावाने मुलीचं लग्न अडतं, आणि म्हाताऱ्याला कॅन्सर सांगू नका असं मुलाने हात जोडून सांगितलेलं असतं. पण लपवलेलं नाव शेजारच्या पलंगावरच्यांना कधी ना कधी कळतंच. कळत नाही ते पुढच्या गावातल्या डॉक्टरला, आणि पुष्कळदा खुद्द पेशंटला. टीबीची औषधं मध्येच सोडली की जंतू औषधाला दाद देईनासा होतो. आपल्याला टीबी आहे हे ज्याला नीट सांगितलंच नाही, तो खोकला थांबल्यावर सहा महिने गोळ्या कशासाठी खाईल? गुप्तता राखणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने ते बंधनकारकही केलं आहे. ते कर्तव्य फाईल कुलपात ठेवून, ती कुणी उघडायची हे ठरवून पाळायचं असतं. फाईल अगम्य करून ते पाळलं जात नाही.

शेवटचा कागद मृत्यूच्या कारणाचा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ भरावा लागतो. त्यात पहिल्या ओळीत तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे झालं ते, आणि त्याखाली मुळाशी असलेला रोग लिहायचा असतो. मरण कसं आलं ते लिहू नका, कोणत्या रोगाने आलं ते लिहा, अशी सूचना त्या फॉर्मवरच छापलेली आहे. तरीही कितीतरी फॉर्मांवर 'सीआरए' एवढंच असतं, म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. तो तर प्रत्येकाचाच पडतो. मरणाऱ्याला डेंगी होता, की विषबाधा, की बाळंतपणातला रक्तस्राव, हे त्या तीन अक्षरांतून कळत नाही. रुग्णालयांची आकडेवारी सगळीकडे एकाच नमुन्यात ठेवावी, असा प्रस्ताव फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० सालच्या लंडनच्या सांख्यिकी परिषदेत मांडला होता. १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण शिकागोत सादर केलं. त्यातूनच आजचं आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण वाढलं आणि त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. एवढ्या मोठ्या व्यवस्थेचा कच्चा माल म्हणजे रात्री तीन वाजता इंटर्नने भरलेला नमुना ४. त्याने 'सीआरए' लिहिलं, तर मृताच्या गावात माणसं कशाने मरतात हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कधीच कळणार नाही.

मग शिकवायचं कसं? माझ्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात, वापरायच्या संक्षेपांच्या यादीआधी, न वापरायच्या संक्षेपांची यादी हातात द्यावी. प्रत्येक रुग्णालयाने मान्य संक्षेपांचा एक कागद करून वॉर्डात लावावा. त्यात प्रत्येक संक्षेपाला एकच अर्थ असावा, आणि जो संक्षेप त्यात नाही तो पूर्ण लिहावा. एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घेणाऱ्या रुग्णालयांना असं काम करावंच लागतं, पण मान्यतेची पाटी नसलेल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमलाही ते एका दुपारी जमेल. विद्यार्थ्याने खिशातल्या डायरीत तीन रकाने ठेवावेत: संक्षेप, पूर्ण रूप, विभाग. फोनवर ऑर्डर घेणाऱ्या सिस्टरने ती परत वाचून दाखवावी, आणि पंधरा-पन्नासचा घोळ टाळण्यासाठी 'एक-पाच', 'पाच-शून्य' असे आकडे सुटे सांगावेत. महिन्यातून एकदा एका विभागाच्या नोंदी दुसऱ्या विभागाच्या रेसिडेंटला मोठ्याने वाचायला लावाव्यात. तो जिथे अडखळेल, तिथे लिहिणाऱ्याला काय सुधारायचं ते कळेल.

कायदा आणि न्यायालयं यांनी आपापला वाटा उचललेला आहे. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने नियम बदलून औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुवाच्य चिठ्ठी हा रुग्णाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. पण 'टीडीएस' मोठ्या, सुंदर अक्षरांत लिहिलं, तरी ज्याला ते माहीत नाही त्याला ते कळत नाहीच. अक्षर सुधारण्याचं काम न्यायालय करू शकेल. वाचणाऱ्याचा विचार करायला शिक्षकच शिकवू शकतो.

उत्तम उदाहरण आपल्याच हाताशी आहे. आपल्याकडचे डॉक्टर सकाळ, दुपार, रात्र यांसाठी '१-०-१' असं लिहितात. त्याला लॅटिन लागत नाही, इंग्रजी लागत नाही. मराठवाड्यातली शाळेत न गेलेली आजीही नातवाकडून एकदा समजून घेते आणि मग चुकत नाही. संक्षेप कसा असावा याचा हा नमुना आहे. ज्याला वापरायचा, त्यालाच तो सर्वांत आधी कळतो.

सभागृहात डॉक्टर थोडे आहेत, पेशंट आणि त्यांचे नातेवाईक जास्त. म्हणून शेवटची विनंती तुम्हाला करतो. रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्ड पिशवीत टाकू नका. तिथेच बसून वाचा. जे अक्षर कळत नाही त्यावर बोट ठेवा आणि त्याचं पूर्ण रूप लिहून मागा. निदानाचं नाव, प्रत्येक गोळी कशासाठी, किती दिवस आणि कोणत्या वेळी, एवढं मराठीत लिहून घ्या. आपल्या नोंदींच्या प्रती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्यात, असं २००२ चे वैद्यक परिषदेचे नियम सांगतात. आणि इथे बसलेल्या तरुण डॉक्टरांना एवढंच सांगतो: वॉर्डात हवे तेवढे मान्य संक्षेप लिहा, पण रेफर चिठ्ठीवर, मृत्यूच्या दाखल्यावर आणि डिस्चार्ज कार्डावर एकही लिहू नका. हा नियम उद्या सकाळच्या राउंडपासून पाळता येतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि कुणाची परवानगीही लागत नाही.